मागच्या चाकाचं दुखणं

४ जून

चि. पान्हेबाईस,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देतो, आधी काम. तुझ्या दादाने सायकल घेतली आहे. हसून झालं की पुढे वाच.

डॉक्टर म्हणाले, चाळिशी उलटली, पोट सुटलं, आता जरा घाम गाळा. म्हणून छापखान्यात बसने जायचं सोडलं आणि एक जुनी सायकल उचलली. विकणारा म्हणाला, "साहेब, घोडा आहे घोडा." घोडा आहे खरा, मनात येईल तिथे बसतो. चढावर जोर लावला की चेन उतरते आणि मी भर रस्त्यात वाकून हात काळे करत राहतो. परवा एका भाजीवालीला माझी दया आली. पाटी खाली ठेवून तिने दोन मिनिटांत चेन चढवून दिली. माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, हे मी तिला काही सांगितलं नाही.

इथला कारागीर नवी चेन, नवं फ्रीव्हील, सगळं नवंच घाला म्हणतो. तो सांगतो तेवढ्यात दुसरी सायकल येईल. तेव्हा काही बिनखर्चाचा इलाज असेल तर सांग. तू आप्पांच्या शेजारी बसून पान्हे ओळखायला शिकलीस, मी आतल्या खोलीत बसून पाढे म्हटले. पाढे अजून पाठ आहेत, पण त्यांनी चेन चढत नाही.

फोन करणार होतो, पण तुझ्या दुकानात सदा ठोकाठोक आणि माझ्या घरात भिंतीलाही कान. शिवाय सायकलीचं दुखणं तोंडी सांगता येत नाही. पाठीमागे चित्र काढलं आहे. बैलगाडीचं वाटलं तरी ते सायकलीचंच आहे.

आता आशीर्वाद.

दादा

११ जून

दादा,

वाकून नमस्कार. चित्र दुकानात लावलंय. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणते, आमच्या घराण्यातल्या शिकलेल्या माणसाने काढलंय, आपल्याला कळायचं नाही.

तुझी चेन सैल झाली आहे, मेलेली नाही. सायकल उलटी कर, सीट आणि हँडलवर उभी राहील अशी. मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल कर आणि चाक मागे ओढ. चेन बोटाने दाबून बघ, जराशी लवली पाहिजे, झोपाळ्यासारखी झुलता कामा नये. नट आवळताना चाक मधोमध आहे ना ते बघ, नाहीतर एका बाजूला घासत बसेल. ओढायला जागाच उरली नसेल तर चेनची एक कडी काढून घे, ते काम एका चहाच्या पैशात होतं. चेन रॉकेलने धू. जुना दात घासायचा ब्रश वापर, चालू वापरातला नको. मग शिलाई मशीनचं तेल दे, वहिनीच्या मशीनच्या डबीतून चोर. डोक्याला लावायचं तेल घालशील तर रस्त्यातली सगळी धूळ घरी आणशील.

पण काय रे, सायकलवाल्याचा मुलगा आणि चेन चढवायला भाजीवाली! घराण्याची अब्रू वेशीवर टांगलीस. आप्पा असते तर दुकानाचं फळकूट ओढून आत जाऊन बसले असते. तू पंप धरायला आलास तरी ते तुला हात धुवायला पाठवायचे, आठवतं? "याचे हात कागदासाठी आहेत" म्हणायचे. माझे कशासाठी होते ते कुणी विचारलं नाही, म्हणून तुझी चेन आज मला कळते.

पोट किती उतरलं ते कळव. साहेबलोकांचे शौक!

तुझी,
पान्हेबाई

२९ जुलै

चि. पान्हेबाईस,

चेन सुधारली. अब्रू वेशीवरून उतरवून घेतली आहे.

आता नवीन दुखणं. मागच्या चाकाचे स्पोक तुटतात. एक घातला की शेजारचा जातो, आणि तेही चेनच्याच बाजूचे. चाक नशा केल्यासारखं डुलतं. मागचं टायर झिजून गुळगुळीत झालंय, आतलं कापड दिसतं. पुढचं मात्र अजून नव्यासारखं आहे. पुढचं मागे घातलं तर चालेल का? मागचा ब्रेक तर लागतच नाही. थांबताना पटकन पाय टेकावा म्हणून सीट खाली घेतली आहे, पण संध्याकाळी गुडघे बोलतात. आणि कॅरिअरवर जुन्या उशीचा तुकडा बांधलाय, तो सारखा घसरतो. तो कशाने बांधू?

हे सगळं कमीत कमी पैशांत बसव. या महिन्यात जरा ओढाताण आहे.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या वहिनीला यातलं काही लिहू नकोस, ती उगाच काळजी करत बसते. आणि यापुढे पत्र घरी पाठवू नकोस. माझ्या एका मित्राचं गोदाम आहे, त्याचा पत्ता खाली देतो, तिथे पाठव.

दादा

५ ऑगस्ट

दादा,

पुढचं टायर मागे घाल, मागचं पुढे. मागच्यात जिथे कापड दिसतंय तिथे आतून जुन्या टायरचा तुकडा ठेव, काही महिने निघतील. ब्रेकचे रबर उलटे करून लाव, दुसरी कड अजून शाबूत असेल. स्पोक एकेक बदलत बसू नकोस, चेनच्या बाजूचे सगळे एकदम घाल आणि चाक कुणाकडून तरी सरळ करून घे, ते तुझ्याच्याने होणार नाही. उशीला फाटक्या ट्यूबची पट्टी गुंडाळ. ती घसरत नाही आणि फुकट मिळते.

हे झालं सायकलीचं. आता तुझं. एकट्या माणसाने असे स्पोक तुटत नाहीत, दादा. मागे वजन असलं की तुटतात. मागे कोण बसतं?

पान्हेबाई

१४ ऑगस्ट

पान्हेबाई,

मागे कोणी बसत नाही. छापखान्याचे गठ्ठे असतात कधीमधी. तू सायकल दुरुस्त करतेस की चौकीवर बसतेस? पट्टी छान बसली. कामात आहे.

दादा

२२ ऑगस्ट

वहिनी,

हे पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. तुला वाचताना लाज वाटेल, मला लिहिताना वाटतेच आहे. पण तू मला नणंद कमी आणि बहीण जास्त मानलंस. उद्या तुला बाहेरून कळलं आणि मला आधीपासून माहीत होतं हेही कळलं, तर कोणत्या तोंडाने तुझ्या दारात उभी राहू?

दादा सायकलीचं मला लिहितो, तुला लिहू नको म्हणतो. पत्र घरी नको, एका गोदामाच्या पत्त्यावर पाठव म्हणतो. ते मी चालवून घेतलं असतं. पण सायकल खोटं बोलत नाही गं. मागचे स्पोक तुटतात, मागचं टायर झिजतं, मागचा ब्रेक संपतो, म्हणजे मागे रोज पुरतं माणसाएवढं वजन असतं. सीट खाली घेतली आहे, कुणाला बसवताना-उतरवताना पाय टेकावा लागतो म्हणून. विचारलं तर म्हणतो गठ्ठे असतात. गठ्ठे असते तर त्याने माझ्याकडे दोरी मागितली असती. त्याने कॅरिअरवर उशी बांधली आहे, वहिनी. कागदाला उशी कोण देतं?

माझा भाऊ असा निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. गोदामाचा पत्ता खाली लिहिते आहे. तू काय करायचं ते तू ठरव. मी तुझ्या बाजूने आहे.

तुझी नणंद

११ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर द्यायला हवं होतं, म्हणजे निदान तुम्ही मला थांबवलं असतं. उत्तर न देता मी माझ्या भावाला बोलावून घेतलं. एकटीने जायची छाती नव्हती.

आम्ही त्या गोदामाच्या गल्लीच्या वळणावर उभे राहिलो. रात्रभर मनात भांडून भांडून माझं डोकं तापलेलं होतं. यांच्या घंटीचा आवाज आला आणि मी काही न बघता रस्त्याच्या मधोमध जाऊन ओरडले, "कुठाय ती?"

यांनी करकचून ब्रेक लावला. सायकल कलंडली. पाण्याचा एक मोठा जार रस्त्यावर आपटून फुटला आणि सगळं पाणी माझ्या पायावरून गेलं. दुसरे दोन दोन्ही बाजूंना बांधलेले होते. हे म्हणाले, "कोण ती?" त्यांना खरंच कळलं नव्हतं, वन्सं. मलाही मागे बघितल्यावर कळलं. उशी त्या जारसाठी होती. कॅरिअरच्या सळ्यांवर आपटून जारला खालून चीर जाते आणि गळलेला जार यांच्या मजुरीतून कापतात.

छापखाना उन्हाळ्याआधीच बंद पडलाय. मी रोज डबा भरून देत होते, हे तो घेऊन गोदामावर जायचे, तिथे शर्ट बदलायचे आणि दिवसभर दुकानांना, कचेऱ्यांना पाणी पोचवायचे. संध्याकाळी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून घरी यायचे. मी विचारायची, "आज काम जास्त होतं का?" आणि हे म्हणायचे, "हो, खूप छपाई होती."

लोक जमले. माझा भाऊ हसला. म्हणाला, "भाऊजी, पाणी विकता होय!" वाईट मनाने नव्हता हसला, काय बोलावं सुचलं नाही म्हणून हसला असेल, पण हसला. यांनी आधी फुटका जार उचलून बाजूला ठेवला, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला लागलं का?"

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, तुम्हाला सांगते. भाऊ हसला ना, त्या क्षणी माझ्या मनात आलं, यापेक्षा बाई असती तर बरं झालं असतं. असं माझ्या मनात आलं, वन्सं. नवऱ्याने माझ्यासाठी पाठ मोडून घेतली आणि मला असं वाटलं. तेव्हापासून मी आरशात बघून कुंकूही लावत नाही, चाचपून लावते.

हे कामावर जात नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसतात. सायकल जिन्याखाली पडली आहे. हे असेच बसले तर घर कशावर चालायचं? त्याहून मोठी भीती म्हणजे, हे पुन्हा कधी उठलेच नाहीत तर? माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही लिहा. तुमचं ऐकतील असं नाही, पण वाचतील.

वहिनी

१६ सप्टेंबर

दादा,

मला माफ कर असं लिहायचीही लाज वाटते, कारण माफी मागून मी माझं मन हलकं करीन आणि तुझं होतं तसंच राहील.

मला शहाणपणाची खाज आहे. कुठली सायकल दारात आली की मी गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी सांगते, तुम्ही डाव्या पायावर जोर देता, तुम्ही खड्ड्यातून जाता. लोक चकित होतात, मला बरं वाटतं. तुझ्यावरही तेच केलं. एवढ्या लांबून, नुसत्या पत्रावरून दुखणं ओळखलं म्हणून मी चार दिवस मनातल्या मनात मिरवत होते, हेही सांगून टाकते. वजन बरोबर ओळखलं आणि माणूस चुकले. तोही कुठला, तर माझा स्वतःचा भाऊ.

आणि वर वेशीवरची अब्रू आणि साहेबलोकांचे शौक! ते वाचताना तुला काय वाटलं असेल ते आठवून माझे कान तापतात.

वहिनीवर रागावू नकोस. तिच्या डोक्यात विस्तव मी टाकला. मला काय बोलायचं ते बोल, शिव्या दे, पण खिडकीशी बसू नकोस. कामावर जा. चाक मी सांगितलं तसं सरळ करून घेतलं नसशील तर आधी ते घे, त्याचे पैसे मी पाठवते. नाही म्हणू नकोस.

पान्हेबाई

८ ऑक्टोबर

चि. पान्हेबाईस,

पैसे परत पाठवले आहेत. रागाने नाही, चाक सरळ करून झालं म्हणून. मी कामावर जातो आहे. तुझी वहिनी एकदा सकाळी जिन्याखाली गेली आणि सायकल फडक्याने पुसायला लागली. ते मला बघवेना, म्हणून उठलो. डबा आता थोडा मोठा असतो. बोलणं अजून कमीच आहे, पण होतं.

खरं सांगायचं तर कुठल्या डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं. छापखान्याच्या दाराला कुलूप दिसलं त्या दिवशी वाटलं, संध्याकाळी घरी सांगू. संध्याकाळी ती इतकी दमलेली होती की म्हटलं सकाळी. सकाळी तिने डबा हातात दिला आणि मी तो घेऊन बाहेर पडलो. एकदा बाहेर पडलो, मग रोजच पडावं लागलं. चार ठिकाणी हिंडलो. माझ्या वयाच्या माणसाला खुर्ची कोण देतं? पाणीवाल्याच्या दारावर लिहिलं होतं, सायकल असेल त्यानेच आत यावं. मी परत फिरलो, सायकल घेतली आणि आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा अर्ज न वाचता मला काम मिळालं.

तुझा राग आला होता, आता नाही. बाई शोधलीस म्हणूनही नव्हता आला. तुला माझ्या मागे माणसाएवढं वजन दिसलं, आणि ते वजन मी वाहत असेन असं तुझ्या मनाला शिवलंही नाही, त्याचा आला. मी बायकोला फसवीन हे तुला पटलं. मी ओझं उचलीन हे पटलं नाही. तुला बोल कसा लावू, मलाच ते पटत नव्हतं. म्हणून तर शर्ट बदलत होतो.

एकच विचारतो, खरं उत्तर दे. तुला आधीपासून माहीत असतं, तर आपल्या गावात कुणी विचारल्यावर तू सांगितलं असतंस का, की माझा दादा पाणी वाहतो?

दादा

१५ ऑक्टोबर

दादा,

नाही. सांगितलं नसतं.

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहिते आहे, नाहीतर 'असं कसं विचारतोस' म्हणून सहज निसटता आलं असतं. पण उत्तर याहून वाईट आहे. तुझं पत्र आलं, मी वाचलं, रडले आणि खिशात ठेवून पुन्हा कामाला बसले. तेवढ्यात तुझे गणिताचे मास्तर सायकलचे ब्रेक दाखवायला आले. दर वेळी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "आमचा हुशार गडी काय म्हणतो?" आणि माझ्या तोंडून निघालं, "छापखान्यात आहे ना, आता वरच्या जागेवर घेतलंय." बढतीसुद्धा देऊन टाकली तुला. ते खूश झाले. माझे दोन्ही हात तेव्हा कोपरापर्यंत वंगणाने भरलेले होते, मी त्यांच्याच सायकलीखाली उकिडवी बसले होते, आणि तू पाणी वाहतोस हे सांगायची मला लाज वाटली. तुझं पत्र खिशात होतं.

सगळा जन्म मी आप्पांवर चिडले, की याचे हात कागदासाठी आणि माझे काय? आणि आतून मी आप्पांचीच निघाले. मला तू वर हवा होतास, कारण तू वर असलास की माझ्या काळ्या हातांना अर्थ होता. भाऊ साहेब आहे, म्हणून बहीण पान्हे आवळते तरी चालतं, असं काहीतरी. हे मला आज कळलं, आणि कळून बरं वाटलं नाही.

पत्र इथेच संपवून टाकणार होते, पण तशी हिंमत झाली नाही. मास्तर सायकल न्यायला शनिवारी येणार आहेत. तोवर थांबते.

शनिवार.

मास्तर आले. मी उभी राहून सांगितलं, बसून सांगता आलं नसतं. म्हटलं, "मास्तर, परवा मी खोटं बोलले. छापखाना बंद पडला. दादा सायकलवरून पाण्याचे जार पोचवतो." माझा आवाज इतका चढला की पलीकडचा शिंपी बाहेर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मास्तरांचा चेहरा पडेल. आता ते अरेरे म्हणतील. कदाचित यापुढे तुझं विचारणारच नाहीत.

मास्तर म्हणाले, "असं होय." मग म्हणाले, "त्याला म्हणावं, पाठ जप." आणि मग विचारलं, "ब्रेक झाले का गं?"

ब्रेक झाले होते. त्यांनी ते दोनदा दाबून बघितले, पैसे दिले, आणि सायकलवर बसून गेले. शिंपी आत जाऊन मशीन चालवू लागला.

एवढंच झालं, दादा. एवढंच होणार होतं.

तुझी बहीण